कोलारच्या सुवर्णभूमीचा इतिहास व अवशेष

आपल्या ज्ञातीतील कारागिराच्या हाती सोने येते ते लगडीच्या, बिस्किटाच्या नाही तर मोडीच्या रूपाने. ते कसास लावून, काट्यावर तोलून, मुशीत घालून तो कामास लागतो. हे सोने मुळात कोणी, कोठून व कसे काढले हा प्रश्न त्याच्या मनास सहसा शिवत नाही. आणि शिवावा तरी का? सोन्याला गाव नसते. एकदा बागेसरीवर वितळले म्हणजे आफ्रिकेचे सोने आणि आजीच्या पाटल्यांचे सोने यांत काही भेद उरत नाही. तथापि आपल्याच देशात, बंगळूरुच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरांवर, एक नगर असे आहे की जे केवळ सोन्यासाठी वसले, सोन्यावर सव्वाशे वर्षे जगले आणि सोने परवडेनासे होताच वाऱ्यावर सोडले गेले. कोलार सुवर्णक्षेत्र, ज्यास तिकडील लोक इंग्रजी आद्याक्षरांनी 'केजीएफ' म्हणतात, तेच हे नगर. या नावाचा एक कन्नड चित्रपट २०१८ मध्ये निघाल्यापासून आपल्याकडील मुलांच्याही तोंडी ते नाव झाले आहे. परंतु त्या चित्रपटातील कथा सर्वस्वी काल्पनिक असून खऱ्या इतिहासाशी तिचा नावापुरताच संबंध आहे. खरा इतिहास कमी अद्भुत नाही. तो ज्ञातिबांधवांपुढे यथामति ठेवण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

कोलार हे नाव महाराष्ट्रास अपरिचित नाही. शहाजीराजे भोसले यांना विजापूर दरबाराकडून कर्नाटकात जी जहागीर मिळाली तीत बंगळूरु, होसकोटे, शिरे यांबरोबर कोलारही होते. त्याही पूर्वी, सुमारे दीड हजार वर्षांमागे, कुवलाल या नावाने हेच नगर गंग राजांची राजधानी होती. या टापूत जुन्या काळी सोने निघत असे, हे तेथील प्राचीन खड्ड्यांवरून व विवरांवरून निर्विवाद ठरते. लोखंडी छिन्नी व हातोडी आणि दगड तापवून त्यावर पाणी ओतण्याची युक्ती, एवढ्या साधनांनिशी त्या अज्ञात लोकांनी जमिनीत शेकडो फूट मजल मारली होती. शहाजीराजांना या सोन्याचा काही लाभ झाला असे म्हणण्यास मात्र आधार नाही, आणि आधारावाचून इतिहास रचण्याची जी हौस स्मरणिकांच्या लेखकांस असते तिच्यापासून आम्ही येथे दूर राहू इच्छितो.

अर्वाचीन इतिहासाचा आरंभ १८०२ सालापासून होतो. टिपू सुलतानाचा १७९९ मध्ये पाडाव झाल्यावर म्हैसूरच्या राज्याच्या सीमा आखण्याचे काम चालू झाले आणि पूर्व सीमेची मोजणी लेफ्टनंट जॉन वॉरन या अधिकाऱ्याकडे आली. उरगाव व मारिकुप्पम या गावांच्या आसमंतात मातीत सोने सापडते अशी वदंता त्याच्या कानी गेली. त्याने बक्षीस लावून गावकऱ्यांस बोलाविले, त्यांच्याकडून आपल्यादेखत माती धुवविली, आणि तळाशी सोन्याचे कण चमकले. हिशेब केला तेव्हा सुमारे दीड मण मातीमागे एक ग्रेन, म्हणजे आपली जेमतेम अर्धी गुंज, असे प्रमाण पडले. मातीतून अर्धी गुंज वेचून काढणारे ते गावकरी म्हणजे आपल्या झारेकऱ्यांचेच भाऊबंद म्हणावयाचे. सराफ कट्ट्यावरील धूळ व बागेसरीची राख धुऊन जे पोट भरतात त्या झारेकऱ्यांची चिकाटी आपणांस ठाऊक आहे. वॉरन साहेबास ती नवलाची वाटली यात नवल नाही.

वॉरनच्या वृत्तांतानंतर साठ-सत्तर वर्षे अनेकांनी येथे हात घालून पाहिला व भाजून घेतला. मग मायकेल लॅव्हेल नावाचा एक आयरिश गृहस्थ आला. हा पूर्वी सैन्यात होता, न्यूझीलंडच्या लढाईत गेला होता, आणि तेथे त्यास सोने शोधण्याचा नाद लागला होता. निवृत्त होऊन बंगळूरुच्या छावणीत राहत असता त्याने वॉरनचे जुने लेखन वाचले आणि १८७१ मध्ये बैलगाडीत बसून तो कोलारकडे निघाला. १८७३ मध्ये त्याने म्हैसूर सरकारकडे अर्ज केला. १८७५ मध्ये त्यास वीस वर्षांचा खाणपट्टा मिळाला. परंतु खाणकाम हे एकट्याच्या पेन्शनीवर चालणारे काम नव्हे. दोनच वर्षांत त्याने आपले हक्क सैन्यातील काही अधिकारी व त्यांचे सहकारी यांस दिले आणि तो बाजूस झाला. बंगळूरुत आजही लॅव्हेल रोड नावाचा श्रीमंत रस्ता आहे. हक्क विकणाऱ्याचे नाव रस्त्याला राहिले. ज्यांनी वॉरनसमोर माती धुतली त्यांतील एकाचेही नाव कोठे नाही.

१८८० मध्ये लंडनच्या जॉन टेलर आणि सन्स या खाणतज्ज्ञ पेढीने कारभार हाती घेतला, आणि येथून या वृत्तांतास वेग येतो. प्रथम तीन-चार वर्षे अपयशाचीच गेली. म्हैसूर माइन कंपनीचे भांडवल आटत आले, भागधारक कंटाळले, उरलेले पैसे वाटून घेऊन गाशा गुंडाळावा असा विचार बळावला. टेलर यांनी मोठ्या आग्रहाने त्यांचे मन वळविले व शिल्लक रकमेत आणखी थोडे खोल जाण्याची परवानगी मिळविली. प्राचीन लोकांनी जेथे काम सोडले होते त्याच्याच खाली यंत्राने खोदता खोदता कॅप्टन प्लमर या खाणप्रमुखास गारगोटीची ती प्रसिद्ध शीर सापडली, जीस चॅम्पियन शीर म्हणतात. रुंदीने दोन-तीन हात, लांबीने काही किलोमीटर, आणि खोलीस तर अंतच नाही असे वाटावे अशी ही शीर होती. पुढे म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरगाव, नंदीदुर्ग व बालाघाट अशा पाच प्रमुख खाणी तिच्यावर उभ्या राहिल्या. सुरुवातीस एक टन दगडामागे तीन-चार तोळे सोने पडे. १९०५ च्या सुमारास उत्पादन शिखरास पोहोचले. त्या काळात एका वर्षात सहा लाख औंसांहून अधिक सोने निघाले. हे सोने येथून लंडनला जाई. म्हैसूर दरबारास शेकडा पाच या दराने स्वामित्वधन मिळे. पंचाण्णव भाग कोणाकडे गेले ते सांगावयास नको.

या सुवर्णक्षेत्राने म्हैसूर राज्यास पैशाखेरीज आणखी एक देणगी दिली. यंत्रे चालविण्यास लाकूड व कोळसा पुरेना, म्हणून कावेरी नदीच्या शिवसमुद्रम् येथील धबधब्यावर वीज उत्पन्न करण्याची योजना दिवाण सर शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत हाती घेण्यात आली. जून १९०२ मध्ये ९२ मैल लांबीच्या तारांवरून ही वीज खाणींत पोहोचली. एवढ्या दूर वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्या त्या काळी जगात विरळाच होत्या. बंगळूरु शहराच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते त्यानंतर तीन वर्षांनी, १९०५ मध्ये. म्हणजे राजधानीच्या आधी खाण उजळली. अर्थात ती उजळली यंत्रासाठी.

आता या नगराच्या रचनेकडे वळू. बौरिंगपेठ, म्हणजे आताचे बंगारपेठ, या मुख्य मार्गावरील स्थानकापासून मारिकुप्पमपर्यंत रेल्वेचा फाटा १८९४ मध्ये तयार झाला. त्याच्या दुतर्फा वस्ती वाढली. उंचवट्यावर साहेबांचे बंगले, भोवती बागा, क्लब, गोल्फचे मैदान, चर्च, इस्पितळ. हवा थंड, त्यामुळे या भागास कौतुकाने 'छोटे इंग्लंड' म्हणत. इंग्लंडातील कॉर्नवॉल प्रांताचे पिढीजात खाणकामगार व काही इटालियन येथे मुकादमीच्या जागी असत. बाजारपेठेसाठी म्हैसूरचे रेसिडेंट रॉबर्टसन यांच्या नावाने रॉबर्टसनपेठ व तिच्या जोडीस अँडरसनपेठ वसली. आणि खाणींच्या अगदी तोंडाशी, ढिगाऱ्यांच्या सावलीत, होत्या मजुरांच्या 'लाइनी'. हा शब्द तेथे आजही चालतो. प्रथम बांबूच्या तट्ट्यांची खोपटी, नंतर एकाच्या भिंतीस दुसरे लागलेली एकखणी घरे, अशा रांगांमागे रांगा होत्या. उत्तर अर्काट, सालेम, चित्तूर या जिल्ह्यांतून दुष्काळाने व वेठीने गांजलेले तमिळ व तेलुगू मजूर मेस्त्री लोक आगाऊ रक्कम देऊन आणीत. त्यांतील बहुसंख्य आदिद्राविड, म्हणजे त्या काळी गावकुसाबाहेर ठेवलेले लोक होते. गावात ज्यांना विहिरीवर पाणी भरू देत नसत, त्यांना जमिनीच्या पोटात सर्वांत खोल उतरण्याचा मान मिळाला. तरीही हेही लिहिले पाहिजे की रोख मजुरी व मालकापासूनचे अंतर यांमुळे त्यांपैकी कित्येकांस खाण ही गावापेक्षा बरी वाटली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे काम करणाऱ्यांची संख्या पंचवीस हजारांच्या वर गेली होती.

खाणीतील कामाची कल्पना वाचकांस यावी म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. मजुरांना लोखंडी पिंजऱ्यात उभे करून विवरातून खाली सोडीत. एक विवर संपले की आडव्या बोगद्याने चालत जाऊन दुसऱ्या विवराच्या पिंजऱ्यात शिरावयाचे, असे टप्प्याटप्प्याने उतरणे असे. चॅम्पियन रीफ खाणीची खोली कालांतराने दहा हजार फुटांच्या पुढे, म्हणजे तीन किलोमीटरांहून अधिक झाली व जगातील सर्वांत खोल खाणींत तिची गणना होऊ लागली. आपले कळसूबाईचे शिखर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच, समुद्रसपाटीपासून ५४०० फूट आहे. एका कळसूबाईवर दुसरी ठेवून ते सारे जमिनीत पालथे घातले तर जेवढे खोल जाईल तेवढे. तेथे दगड स्वतःच तापलेला असतो. तळाच्या खडकाचे तापमान साठ अंश सेल्सिअसच्या वर जाई आणि वरून यंत्राने थंड केलेली हवा सोडल्यावाचून माणूस तेथे टिकत नसे. याहूनही भयंकर प्रकार म्हणजे खडकाचा स्फोट. सुरुंगाशिवाय, कोणी हात न लावता, वरच्या डोंगराएवढ्या भाराने दबलेला खडक एकाएकी फुटे व बोगदाच्या बोगदा गडप होई. वर नगरात जमीन हादरे, भांडी खणखणत, आणि बायका काम टाकून खाणीच्या तोंडाकडे धावत. या स्फोटांच्या अभ्यासातूनच पुढे १९८८ मध्ये राष्ट्रीय शिलायांत्रिकी संस्था या नगरात स्थापन झाली.

जो स्फोटातून वाचला त्यास धूळ सोडीत नसे. गारगोटीला भोके पाडताना उडणारी बारीक भुकटी फुप्फुसात बसते आणि तेथेच राहते; या रोगास सिलिकोसिस म्हणतात. १९४० नंतरच्या काही वर्षांत येथील सात हजारांहून अधिक कामगारांची तपासणी झाली, तीत शेकडा चाळीसहून अधिक लोकांस हा रोग जडलेला आढळला. चाळीस टक्के ! आपल्या पेढीवर दर दहा कारागिरांत चौघे धापा टाकीत बसले आहेत अशी वाचकांनी कल्पना करावी.

आणि चोरीचा संशय तर सदैव डोक्यावर. ज्याच्याजवळ खाणीतील सोन्याचा दगड वा पाऱ्याचा गोळा सापडेल त्यानेच आपले निरपराधित्व सिद्ध करावे, असा कायदा म्हैसूर दरबाराने १८९७ मध्ये केला. मजुरांच्या मनगटात क्रमांक घातलेले धातूचे कडे असे. त्यास ते 'कडयम' म्हणत. आपण कडे घडवितो ते हौसेने वा मंगल कार्यासाठी घालावयाचे. सुवर्णभूमीत माणसास कडे चढविले ते मोजदादीसाठी. १९३० मध्ये कंपन्यांनी प्रत्येक मजुराच्या बोटांचे ठसे घेण्याचे ठरविले तेव्हा मात्र हजारो मजुरांनी काम टाकले. ठसे हे गुन्हेगारांचे घेतात, आम्ही काय गुन्हा केला आहे, असा त्यांचा सवाल होता. सुमारे तीन आठवडे खाणी बंद राहिल्या. पगारासाठी संप पुष्कळ झाले आहेत. अंगठ्यासाठी झालेला हा संप आम्हांस विशेष वाटतो.

दगडातून सोने काढण्याची कृती आपल्या व्यवसायबंधूंस रुचेल म्हणून थोडक्यात देतो. दगड प्रथम लोखंडी मुसळांच्या गिरणीत कुटीत. त्या मुसळांचा धडधडाट रात्रंदिवस चाले. पीठ झालेल्या दगडावर पाणी सोडून तो गाळ पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहवीत. पारा सोने धरून ठेवी. पारा उडवून सोने वेगळे करणे ही कृती आपल्यास नवीन नाही, मुलाम्याच्या कामात पूर्वी ती घरोघर होती. पाऱ्याच्या तावडीतून जे कण सुटत त्यांसाठी पुढे सायनाइडच्या द्रावणाची रीत आली. हे विष सोन्याला पाण्यात विरघळविते, आणि मग जस्ताच्या योगाने ते पुन्हा वेगळे करता येते. सोने काढून घेतलेला गाळ मात्र बाहेर टाकीत गेले. सव्वाशे वर्षांत त्या गाळाच्या टेकड्या झाल्या. अशा तेरा टेकड्या तेथे आहेत, आणि त्यांत तीन कोटी टनांहून अधिक माल आहे असा अंदाज आहे. वारा सुटला म्हणजे ती पांढुरकी भुकटी लाइनींवर पसरते. जेवणाच्या ताटापासून पाळण्यातील मुलापर्यंत काहीही तिच्यापासून सुटत नाही.

या काळोखात एक प्रकाशाची गोष्ट घडली, आणि तिचा संबंध मुंबईशी आहे. आकाशातून सदैव विश्वकिरणांचा वर्षाव होत असतो. त्यांतील अतिसूक्ष्म व जवळजवळ कशासही न अडखळणारे न्यूट्रिनो नामक कण पकडावयाचे तर बाकीचे किरण गाळणारी जाड चाळण हवी. तीन किलोमीटर खडकाहून अधिक चांगली चाळण कोणती ? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा यांच्या प्रेरणेने १९५० नंतर या खाणीत उतरू लागले. बी. व्ही. श्रीकंठन, एम. जी. के. मेनन प्रभृतींनी जपानमधील ओसाका व इंग्लंडमधील डरहॅम येथील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने सुमारे साडेसात हजार फूट खोलीवर उपकरणे मांडली, आणि १९६५ मध्ये वातावरणात उत्पन्न होणाऱ्या न्यूट्रिनोंची खूण त्यांना सापडली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील दुसऱ्या एका सोन्याच्या खाणीतही तसाच शोध लागला. या दोन निष्कर्षांनी विज्ञानाच्या इतिहासात एक पान मिळविले. शास्त्रज्ञांस खाली नेणारा पिंजरा मजुरांचाच होता.

स्वातंत्र्यानंतर खाणींची मालकी बदलली. १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने त्या ताब्यात घेतल्या आणि १ डिसेंबर १९६२ रोजी त्या केंद्र सरकारच्या अर्थखात्याकडे गेल्या. चीनच्या आक्रमणाचे ते दिवस होते. परकीय चलनाची टंचाई होती. यानंतर दीड महिन्याच्या आतच, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. त्या बंदीने आपल्या ज्ञातीत काय हाहाकार माजला, किती बागेसऱ्या थंड झाल्या, किती घरांतील कर्ते पुरुष सांचा-हातोडी बाजूस ठेवून मिळेल त्या मजुरीस लागले, किती जणांनी जीव दिला, हे वडीलधाऱ्यांच्या तोंडून ज्याने ऐकले नाही असा घरोबा आपल्यांत क्वचितच असेल. १९६८ मध्ये त्या नियमांचा कायदा झाला व तो १९९० पर्यंत राहिला. हा इतिहास आपण वारंवार सांगतो, आणि तो सांगितलाच पाहिजे.

परंतु त्याच धोरणाचा दुसरा पदर आपण पाहत नाही. त्या काळात कोलारचे सोने खुल्या बाजारात येत नव्हते. ते सरकार आपल्याकडे घेई, आणि घेई ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ठरीव भावाने, म्हणजे तोळ्यास ६२ रुपये ५० पैसे या हिशेबाने. बाजारात तोळ्याचा भाव त्याच्या दुप्पट वा अधिक होता. खाणीचा खर्च मात्र चालू बाजाराप्रमाणे. परिणाम उघड होता : वहीत दरसाल तोटा, आणि तोट्याचा ठपका मजुरावर. 'खाण परवडत नाही' हे वाक्य तेव्हापासून जे सुरू झाले ते अखेरपर्यंत थांबले नाही. एका टोकास दगडातून सोने काढणारा आदिद्राविड, दुसऱ्या टोकास त्याचा अलंकार करणारा सोनार. एकाच्या सोन्यास भाव मिळेना आणि दुसऱ्याच्या हातास सोने मिळेना. दोघांची कधी गाठ पडली नाही. सोनारांच्या सभांतून नियंत्रणाविरुद्ध ठराव झाले आणि खाणकामगारांचे लढे खाणीच्या फाटकापाशी झाले. दोन्ही गाऱ्हाणी एकाच खात्याकडे जात होती हे कोणाच्या ध्यानात आले असते तर त्यातून काय निष्पन्न झाले असते याचा तर्क करण्यात आता अर्थ नाही. पण आपल्या ज्ञातीच्या इतिहासात सुवर्ण नियंत्रणाचे प्रकरण लिहिताना कोलारचा एक परिच्छेद त्यात असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नियंत्रणाचे एकट्याचे पाप नव्हे, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. शीर खोल गेली तशी निकस होत गेली. अखेरच्या काळात टनामागे जेमतेम पाव तोळा सोने पडू लागले, आणि ते दोन-तीन किलोमीटर खालून वर आणावयाचे! १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड ही सरकारी कंपनी निघाली. याच नगरात सुरू झालेल्या भारत अर्थ मूव्हर्स या यंत्रांच्या कारखान्याने काही तरुणांस पोटापाण्याचा दुसरा मार्ग दिला, पण तो सर्वांस पुरण्याजोगा नव्हता. खोल स्तर एकामागून एक सोडून देण्यात आले, आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या. सव्वाशे वर्षांत येथून सुमारे आठशे टन सोने निघाले होते. पंप थांबले. ज्या पोकळीत पिढ्यान्पिढ्या माणसे उतरली ती भूगर्भातील पाण्याने हळूहळू भरून गेली. आता तेथे कोणीही जाऊ शकत नाही.

बंगारपेठेहून फाट्यावरील गाडीत बसून आम्ही हा मुलूख पाहिला. कोरोमंडल, उरगाव, चॅम्पियन, मारिकुप्पम अशी स्थानके ओळीने येतात. नावे खाणींची व जुन्या गावांची, उतरणारे मात्र बंगळूरुच्या नोकरीवरून परतणारे. विवरांच्या तोंडावरील पोलादी मनोरे व त्यांवरील चाके दुरूनच दिसतात. चाके फिरत नाहीत, गंज उतरून खालचे जोते तांबडे झाले आहे. गिरण्यांच्या इमारतींची छपरे गेली आहेत आणि आत बाभळी उगवल्या आहेत. बंगल्यांपैकी काहींची पडझड झाली आहे, काहींत कोणी राहते. क्लबची वास्तू व जुनी चर्चे उभी आहेत. गाळाच्या टेकड्या सपाट माथ्याच्या, पावसाने कोरलेल्या, राखाडी-पिवळ्या रंगाच्या आहेत. त्यांवर गवतही नीट धरीत नाही. चित्रपटवाल्यांस हे दृश्य आवडते असे म्हणतात. आम्हांस ते स्मशानासारखे वाटले. लाइनींत मात्र जीवन आहे. रांगोळ्या आहेत, दारात कोंबड्या आहेत, लहान देवळे, चर्चे आहेत, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. एका वृद्ध गृहस्थांशी आम्ही मोडक्या इंग्रजीत बोललो. आपण किती खोल उतरत होतो हे त्यांनी हात वर करून नव्हे, तर बोट जमिनीकडे करून, बराच वेळ तसेच धरून, दाखविले. त्यांच्या घरात सोने किती, असे विचारण्याची आम्हांस लाज वाटली. त्यांच्या पत्नीच्या गळ्यात हळदीचा दोरा होता.

या नगरास ओसाड म्हणावे की न म्हणावे हा प्रश्नच आहे. २०११ च्या शिरगणतीत रॉबर्टसनपेठेची लोकसंख्या दीड लाखाहून अधिक भरली. ओस पडली ती खाण, लोक नव्हेत. खाण बंद झाल्यावर घर सोडून जावे तर गाव कोणते ? आजोबांनी सोडलेल्या अर्काटातील खेड्यात आता त्यांस कोणी ओळखत नाही. म्हणून हजारो माणसे पहाटेच्या अंधारात डबा घेऊन स्थानकावर येतात, बंगळूरुस जातात, तेथे पहारेकरी, गवंडी, कारखान्यातील मजूर, दुकानातील नोकर, कचेरीतील लेखनिक अशी कामे करतात आणि रात्री परततात. पूर्वी त्यांचे आजे अंधारात उतरत व अंधारात वर येत. नातवांच्या वाट्यासही दोन्ही अंधार आलेच आहेत, मध्ये फक्त उजेडाचे काम आले.

खाणी पुन्हा उघडाव्यात यासाठी न्यायालयांत पुष्कळ वर्षे गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये जागतिक निविदा मागविण्यास अनुमती दिली. तथापि पाण्याने भरलेल्या त्या विवरांत कोणी उतरले नाही. दृष्टी गेली ती वरच्या टेकड्यांकडे. गाळात अजून टनामागे थोडे सोने उरले आहे, आणि सोन्याचा भाव आता असा चढला आहे की ते काढणे परवडेल असे जाणकार म्हणतात. जून २०२४ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने त्या तेरा टेकड्यांतील गाळावर पुन्हा काम करण्याच्या केंद्राच्या प्रस्तावास संमती दिली. झारेकऱ्याचे काम पुन्हा निघाले म्हणावयाचे. टेकड्या उकरल्या म्हणजे भुकटी किती उडेल, आणि मालास लागणारी माणसे लाइनींतून घेणार की बाहेरून आणणार, एवढे दोनच प्रश्न तेथील लोक विचारीत असतात.